घेऊ देऊ का गं त्याला गॅरेजचा विषय?

परवा भाचीचा फोन आला. तिचा मुलगा यंदा नववीत गेला. त्यांच्या शाळेत व्यवसाय शिक्षणाच्या विषयांमध्ये वाहनदुरुस्ती आहे, आणि चिरंजीवांनी तोच विषय घ्यायचा हट्ट धरलाय. "मावशी, तू इतकी वर्षं शिकवलंस. घेऊ देऊ का गं त्याला? शेवटी गॅरेजात बसायची वेळ नाही ना येणार?"

"उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले होते.

१९८९ सालची गोष्ट. दहावीचा निकाल लागला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील भेटायला आले. ते टेम्पो चालवायचे. मुलगा अभ्यासात मध्यम, पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या सायकलींच्या उतरलेल्या चेन बसवून द्यायचा, ब्रेक आवळून द्यायचा. वडिलांनी विचारलं, "बाई, याला आयटीआयला मोटार मेकॅनिकला घालू का?" मी म्हटलं, "अहो, चांगले साठ टक्के मिळालेत. एवढ्यात हातात पाना कशाला देताय? अकरावीला घाला." बाईंचा शब्द! त्यांनी मुलाला कॉमर्सला घातलं. तो बारावीला दोनदा नापास झाला आणि एका दुकानात हिशेब लिहायला लागला. पुढे बऱ्याच वर्षांनी बाजारात भेटला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या चांगल्यासाठीच सांगितलं होतंत." तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

माझी चूक काय होती? हुशारी फक्त वहीत असते असं मी धरून चालले होते. त्यात आणखी एक आकस होता. आमच्या आवारातल्या ज्युनियर कॉलेजात 'स्कूटर आणि मोटारसायकल सर्व्हिसिंग' हा दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय होता. तो घेतला की दुसरी भाषा सोडता यायची. माझ्याकडे दहावीला छान मराठी लिहिणारी मुलं अकरावीत गेली की मराठीला रामराम ठोकून त्या वर्कशॉपात जायची. आता खरं सांगायचं तर त्यातल्या अनेकांना स्कूटरचं प्रेम नव्हतं, प्रात्यक्षिकाच्या गुणांचं होतं! इंजिनियरिंगच्या प्रवेशाला ते उपयोगी पडायचे. पण माझा राग मात्र बिचाऱ्या स्कूटरवर.

तो राग एका दुपारी उतरला. शाळा सुटली आणि माझी मोपेड काही केल्या सुरू होईना. त्या वर्कशॉपातला एक मुलगा आला. त्याने लगेच पाना मारला नाही. आधी विचारलं, "बाई, अचानक बंद पडली की हळूहळू दम तोडत होती? पेट्रोलमध्ये तेल किती घालता?" मी म्हटलं, "थोडं जास्तच घालते. इंजिनाला बरं असतं ना?" जणू पोराच्या भातावर तूप! तो हसला. प्लग काढून दाखवला. काळा कुळकुळीत आणि तेलकट. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच तेलही जळतं, ते जास्त झालं की प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी पडत नाही, हे त्याने मला समजावलं. प्लग तपकिरी असेल तर सगळं ठीक, पांढरट असेल तर इंजिन फार तापतंय, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हा तोच मुलगा, ज्याच्या निबंधाच्या वहीत मी 'विचार करून लिहीत जा' असा शेरा दिला होता. आधी लक्षणं विचारायची, मग कारणांचा अंदाज बांधायचा, मग सगळ्यात सोपी तपासणी पहिल्यांदा करायची. विचार करणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

व्यवसाय शिक्षणाच्या घोषणा आपल्याला नव्या नाहीत. १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने अकरावी-बारावीची पंचवीस टक्के मुलं १९९५ पर्यंत या वाटेला वळवायचं ठरवलं होतं. ते झालं नाही. २०२०च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं म्हटलं. कागद चांगलेच असतात हो. पण शाळेत आम्ही शिक्षकच 'अभ्यासात कच्चा ना, मग तिकडे पाठवा' असं म्हणत राहिलो, तर त्या विषयाला मान कुठून मिळणार?

भाचीची भीतीही मी खोटी मानत नाही. गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलेला मुलगा वर्षानुवर्षं पाने धुतो, बोलणी खातो. बघून बघून 'कसं' करायचं ते शिकतो, पण 'का' ते सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो. म्हणूनच हा विषय शाळेत हवा. शाळेत 'का' विचारता येतं, आणि चुकलं तर पगार कापला जात नाही. त्यातून आता गाड्याही बदलल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले, बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. विजेवरच्या गाड्या तर दारोदार दिसतात. नुसत्या बघण्यावर आता भागणार नाही. वाचावं लागेल, मोजावं लागेल. म्हणजे गणित लागेल, आणि भाषासुद्धा!

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. म्हटलं, "घेऊ दे. पण आधी स्वतः जाऊन ते वर्कशॉप बघून ये. मुलं खरंच गाडी उघडतात, की नुसती जर्नलं उतरवून काढतात? तिथे शिकवणारे सर कायमचे आहेत की दर वर्षी बदलतात? आणि त्याला म्हणावं, सुट्टीत आलास की आजीची स्कूटर तुझ्या ताब्यात."

ती म्हणाली, "मावशी, आणि पुढे?" म्हटलं, "पुढचं त्याला ठरवू दे. एकदा मी एकाचं ठरवून बसले होते."

असो. तुमच्या घरात असा कुणी हट्ट धरून बसला असेल, तर तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला जरूर कळवा.