मसुद्यावरील शेरे

अधिवेशनापूर्वी ठरावांचे मसुदे शाखाशाखांकडे पाठविले जातात आणि काही दिवसांनी त्यांवरील अभिप्राय परत येऊ लागतात. ते वाचण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याची निराशा ठरलेली असते. बहुतेक अभिप्राय दोनच जातींचे असतात. 'मसुदा उत्कृष्ट असून शाखेचा त्यास पूर्ण पाठिंबा आहे' हा एक, आणि 'मसुद्यात क्रांतिकारक दृष्टीचा अभाव आहे' हा दुसरा. पहिल्याने लिहिणारा सुखावतो, दुसऱ्याने चिडतो. मसुद्यातील एक स्वल्पविरामही कोणामुळे बदलत नाही. शेतमालाच्या भावावरील परिच्छेदात खंडाने जमीन कसणारा राहूनच गेला आहे, त्याला तोंडी करारामुळे सरकारी खरेदीचा लाभ मिळणार कसा, एवढे साधे विचारणारे पत्र क्वचितच येते. वास्तविक ते तालुक्याच्या कार्यकर्त्यालाच लिहिता येण्यासारखे असते.

यामागे केवळ आळस नाही. दोष दाखविणे म्हणजे निष्ठेला बट्टा लावणे, अशी एक समजूत चळवळीत रुजली आहे. आणि तिच्या उलट, दुसऱ्याचे लेखन फाडल्याखेरीज आपली वैचारिक उंची सिद्ध होत नाही, असे मानणारेही थोडे नाहीत. समाजवादी परंपरेच्या आरंभीच याहून निराळा पाठ घालून दिलेला आहे, याचे मात्र विस्मरण झाले आहे.

१८६७ च्या जून महिन्यात 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडाची छापील मुद्रिते मार्क्सने मँचेस्टरला एंगल्सकडे पाठविली. ग्रंथ किती थोर आहे हे एंगल्सला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरीही त्याने कळविले की, मूल्यरूपाचा भाग वाचकाला फार जड जाणार आहे, या पद्धतीने विचार करण्याची सवय शिकलेल्या लोकांनाही उरलेली नाही. तो लहान लहान भागांत पाडून प्रत्येकास मथळा द्यावा. शेरा नेमक्या जागेवर बोट ठेवणारा होता, कारण देणारा होता, आणि उपायही सुचविणारा होता. मार्क्सने काय केले? मूळ विवेचन त्याने तसेच ठेवले, परंतु तोच विषय सोप्या क्रमाने उलगडणारे एक परिशिष्ट नव्याने लिहून ग्रंथास जोडले. दुसऱ्या आवृत्तीत तर तो सबंध भागच त्याने पुन्हा लिहिला, आणि आधीच्या सहा प्रकरणांच्या जागी पंचवीस प्रकरणे झाली. सूचना ऐकणे म्हणजे शरणागती नव्हे, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. १८७५ मध्ये जर्मनीतील लासालवादी आणि आयझेनाख येथे स्थापन झालेला पक्ष यांचे ऐक्य घडवून आणण्यासाठी एक कार्यक्रम तयार झाला. त्या मसुद्यावरील मार्क्सची टीका 'गोथा कार्यक्रमाची समीक्षा' म्हणून आज प्रसिद्ध आहे; पण मुळात ते समासातील शेरेच होते. श्रम हाच सर्व संपत्तीचा उगम, असे मसुद्यात पहिल्याच वाक्यात म्हटले होते. निसर्गही तितकाच उगम आहे, हे मार्क्सने तिथेच दाखविले. श्रमाचे अखंड उत्पन्न कामगाराला मिळावे, ही मागणी ऐकावयास किती न्याय्य! मार्क्सने तिच्यावर घोषणा केली नाही, हिशेब मांडला. झिजलेल्या उत्पादनसाधनांची भरपाई, उत्पादन वाढविण्यासाठी लागणारा भाग, अपघात व आपत्तींसाठी राखीव निधी, हे आधी वजा करा. मग कारभाराचा खर्च, शाळा आणि आरोग्य, काम करू न शकणाऱ्यांचे पोषण. एवढे गेल्यावर 'अखंड' काय उरले? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टीकेचा नमुना म्हणून हाच उतारा अभ्यासावा. समाजवादी अंदाजपत्रकाची कलमेच त्यात आली आहेत.

आणि तरीही हे शेरे त्या वेळी जवळजवळ वाया गेले. ते ५ मे रोजी ब्राकेकडे रवाना झाले. परिषद २२ मे रोजी भरली. सतरा दिवसांत दोन पक्षांची तडजोड मोडून पुन्हा बांधणे कोणाला शक्य होते? शिवाय त्यांची भाषा अशी जळजळीत की, ऐक्यासाठी झटणाऱ्या सहकाऱ्यांना ती सर्वांसमोर वाचून दाखविणे अवघड जावे. श्रमासंबंधीचे ते पहिले वाक्य संमत कार्यक्रमातही कायम राहिले. एंगल्सने ही समीक्षा १८९१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीही काही तिखट शब्द गाळून. त्याच वर्षीच्या एरफुर्ट कार्यक्रमातून मजुरीचा 'पोलादी नियम' आणि सरकारी मदतीवरील सहकारी संस्थांची मागणी नाहीशी झाली. मधे सोळा वर्षे गेली होती.

या विलंबाचा दोष एकट्या टीकाकाराच्या माथी मारता येत नाही. मसुदा उशिरा पाठवावयाचा, आलेले शेरे कपाटात ठेवावयाचे, आणि अधिवेशनात 'सर्वानुमते संमत' असे जाहीर करावयाचे, ही रीत ज्या समित्या पाळतात त्यांना स्तुती आणि शिव्याच मिळतात. मसुदा निदान दोन महिने आधी शाखांत पोहोचावा, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असावा, बाजूला रुंद समास सोडलेला असावा. कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, याचे दोन ओळींचे उत्तर ती करणाऱ्या शाखेला अधिवेशनापूर्वी मिळावे. खंडकऱ्याविषयी विचारणाऱ्या त्या कार्यकर्त्याला एकदा असे उत्तर गेले, तर पुढच्या मसुद्यावर त्याच्या तालुक्यातून एकाऐवजी पाच पत्रे येतील.