पट्टा दिला, पारध राखून ठेवली

सौंसर म्हटले की गोमंतकीय वाचक नकाशा शोधू लागतो. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातला, पण घराघरांत मराठी बोलणारा हा संत्र्यांचा मुलूख. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, सौंसर-पांढुर्णा तिकडेच राहिले. रानडुकरांना मात्र राज्याची सीमा ठाऊक नाही.

वनजमीन वर्षानुवर्षे कसणाऱ्याला २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा दिला. जमीन कसा, मुलांना द्या, विकू नका. त्याच कायद्याने पारंपरिक हक्क मोजताना शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. योग्यच केले! हौसेच्या पारधीची वकिली मला करायची नाही. पण मग पीक राखायचे कसे?

उत्तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे. कलम ११ म्हणते, ‘कोणत्याही जमिनीवरील’ उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकार दिलेला अधिकारी रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. म्हणजे जमीन मालकीची की सरकारी पट्ट्याची, असा भेद कायदा करीत नाही. छान! आता पट्टेवाल्याने अर्ज लिहायचा, साहेबांची सही मिळवायची. समजा मिळाली. बंदूक कोणाची? तिचा परवाना त्या गरिबाकडे कुठला? आणि मारलेले डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. मका खात होते तोवर ते रानाचे, मेले की सरकारचे!

अर्जाला आठवडे लागतात, मका फस्त व्हायला एक रात्र पुरते. म्हणून लोक चोरून तारेत वीज सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसेही मरतात. २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे नामांकित ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ अशाच तारेला लागून गेला. परवानगी अवघड ठेवून वाचवले कोणाला, हे प्राणिमित्रांनी सांगावे.

आपल्याकडे तरी काय वेगळे? २०१६ साली गोव्याच्या विधानसभेत उपद्रवी प्राण्यांत मोराचेही नाव निघाले आणि देशभर आपले हसे झाले. सत्तरीतला कुळागरवाला त्यात हसला नसेल. हसण्याच्या भरात गवा, माकड, डुक्कर हे त्याचे खरे गाऱ्हाणे बाजूलाच राहिले.

केरळने २०२२ साली रानडुकरांपुरता हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांना दिला. परवानाधारक नेमबाज बोलवायचा, गावातच निर्णय घ्यायचा. सौंसरच्या पट्टेवाल्याला आणि आमच्या सत्तरीवाल्याला एवढे द्यायला भोपाळ आणि पणजी कशाची वाट पाहत आहेत?