नकली घड्याळाचा खरा हिशेब

आमच्या कॉलेजच्या आवारात हल्ली मनगटांवर जी घड्याळे दिसतात, त्यांच्या तबकड्यांवरची नावे खरी मानली तर बेळगावातले निम्मे लखपती आमच्याच वर्गात बसतात असे म्हणावे लागेल. लाल-निळी कडी, चकचकीत साखळी आणि नेहमीच्या तीन काट्यांच्या जोडीला एक चौथा काटा. दोन देशांच्या वेळा दाखवणारे हे घड्याळ सध्या फार लोकप्रिय आहे. मराठी विभागातले विद्यार्थी त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, कन्नड विभागातलेही तेच म्हणतात. आम्ही घड्याळ म्हणतो, ते गडियार म्हणतात. पण नकलेचे नाव दोघांनी एकच घेतले आहे!

ह्या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण असे एक घड्याळ मी स्वतः विकत घेतले होते. माझ्यासाठी नव्हे, बाबांसाठी.

माझा मोठा भाऊ तीन वर्षांपासून दुबईत नोकरीला आहे. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. एवढे साधे गणित बाबांच्या लक्षात राहत नसे. पहाटे पाचला उठून, अंघोळ-देवपूजा आटोपून, साडेसहाला ते आठवणीने फोन लावायचे आणि तिकडे दादा पाच वाजता झोपेतून दचकून उठायचा. ‘काय झालं बाबा? सगळं ठीक आहे ना?’ हा त्याचा पहिला प्रश्न. बाबांच्या एकसष्टीला काय द्यावे ह्याचा विचार करताना मला हेच आठवले. शिकवण्यांचे पैसे साठले होते. गोव्याच्या सहलीत एका दुकानात ते चार काट्यांचे घड्याळ दिसले. दुकानदार म्हणाला, ‘मास्टर क्वालिटी आहे, पाण्यात पोहायला चालतं.’ दोन हजार सहाशे रुपये मोजून मी ते घेतले. तबकडीवर एका जगप्रसिद्ध स्विस कंपनीचे नाव होते. ते नाव खोटे आहे हे मला ठाऊक होते. नाव खोटे असले तरी घड्याळ खरे असेल, अशी माझी समजूत होती.

मुळात हे चार काट्यांचे घड्याळ वैमानिकांचे. 1950च्या दशकात लांब पल्ल्याची विमाने समुद्र ओलांडून जाऊ लागली. वैमानिकाला ग्रीनिचची वेळ आणि मुक्कामाची वेळ अशा दोन्ही वेळा एकदम पाहण्याची गरज भासू लागली. 1953 साली ग्लायसीन कंपनीने ‘एअरमन’ काढले. पाठोपाठ रोलेक्सने पॅन अमेरिकन विमान कंपनीसाठी ‘जी.एम.टी.-मास्टर’ तयार केले. त्यातला जादा काटा चोवीस तासांत एकच फेरी करतो आणि काचेभोवतीच्या फिरत्या कडीवर चोवीस तासांचे आकडे असतात. सुरुवातीच्या त्या घड्याळात चौथा काटा तासकाट्याला जोडलेलाच होता. दुसरी वेळ कडी फिरवून वाचावी लागे. दोन्ही काटे स्वतंत्रपणे लावता येण्याची सोय रोलेक्सने 1980च्या दशकाच्या आरंभी आणली. म्हणजे हा चौथा काटा शोभेचा नाही. त्याच्यामागे दातेरी चाकांची एक वेगळी रचना आहे, आणि नकलेची खरी परीक्षा तिथेच होते.

स्वस्त नकलांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिल्यात सेलवर चालणारे साधे मशीन असते आणि चौथा काटा केवळ देखाव्याचा. दुसऱ्यात हाताच्या हालचालीने चावी भरणारे मशीन असते, पण चौथा काटा तासकाट्याला बांधलेला. तो स्वतंत्र हलत नाही. तिसऱ्यात तो स्वतंत्र हलतो. ऐकायला बरे वाटते, पण कित्येकदा साध्या मशीनवर जादा चाके चढवून हे साधलेले असते, आणि मूळ घड्याळात कोणता काटा वर, कोणता खाली हेही हुबेहूब जुळवायचे म्हणून आणखी खटपट केलेली असते. दिसणे जितके जुळवावे तितके आतले यंत्र नाजूक होत जाते. बाबांचे घड्याळ ह्या तिसऱ्या प्रकारातले होते.

पहिली अडचण मात्र नकलेची नव्हती. चौथा काटा एकेका तासाने पुढे-मागे होतो आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच. आपली वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, दुबईची चार तास पुढे. आपल्याकडे नऊ वाजता तिकडे साडेसात वाजतात, आणि काटा सातावर तरी लागणार किंवा आठावर तरी. कडी अर्ध्या तासाने सरकवून हे जमवता येते, पण ते मी बाबांना समजावून देईपर्यंत त्यांनी दादाला दोनदा अवेळी उठवले होते! 1906 सालापासून आपली प्रमाणवेळ अर्ध्या तासावर थांबलेली आहे, हे त्या घड्याळाच्या मूळ कल्पनेतच नाही. घेण्यापूर्वी कागदावर दोन आकडे मांडले असते तर मला हे कळले असते. पण दुकानात उभे असताना कोण आकडे मांडतो?

खरी रड पुढे सुरू झाली. पहिला पाऊस झाला आणि काचेच्या आतून दव धरले. साखळीचा मुलामा उडून बाबांच्या मनगटावर हिरवट डाग पडू लागला. सातव्या महिन्यात चौथा काटा सैल झाला. हात हलवला की तो भलत्याच तासावर जाऊन बसे. मग एके दिवशी सगळेच काटे थांबले.

ते घेऊन मी खडेबाजारातल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. बाबांची घड्याळे तेच दुरुस्त करत आले आहेत.

‘काका, जरा बघता का हे?’

‘बस की.’ डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग घड्याळ माझ्यापुढे सरकवले. ‘बाळ, ह्याच्यावर नाव न्हाई, नंबर न्हाई. पार्ट मागू तर कुणाकडं मागू सांग?’

‘दुसऱ्या अशाच घड्याळातला चालणार नाही?’

‘दुसरं असंच घड्याळ ह्याच्यासारखं असंल म्हणून कोण सांगितलं तुला? वरनं सारखं दिसतंय. आत प्रत्येकाचं निराळं असतंय. आणि झाकणात रबराची रिंगच न्हाई. पाणी आत जाणार न्हाई तर काय करणार?’

झाकणावर ‘100 मीटर’ असे कोरलेले होते.

तेवढ्यात त्यांनी बाजूचे एक घड्याळ उचलले. एच.एम.टी.चे ‘जनता’, सतरा ज्युएलचे, रोज हाताने चावी द्यायचे. बंगळूरचा एच.एम.टी.चा घड्याळ-कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. तोटा वाढत गेला आणि 2016 साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे कंपनी राहिली नाही, तरी काका ते घड्याळ बिनघोर दुरुस्त करत होते. ‘ह्याचं मशीन मला डोळे मिटून येतंय. पार्ट जुन्या घड्याळातनं काढतो. मी न्हाई राहिलो तरी दुसरा कोण तरी करंल.’

ह्या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. घड्याळाची किंमत आपण दुकानात मोजतो त्या पैशांवरून ठरवतो. पण ते बंद पडल्यावर उघडून बसणारा कोणी आहे का, त्याला सुटे भाग मिळणार आहेत का, हा त्याच किमतीचा दुसरा अर्धा भाग आहे. बंद पडलेल्या कंपनीचे घड्याळ दुरुस्त होते, कारण त्यावर बनवणाऱ्याचे खरे नाव आहे आणि हजारो घड्याळांत तेच मशीन आहे. काल-परवा बनलेली नक्कल दुरुस्त होत नाही, कारण तिच्या बनवणाऱ्याने स्वतःचे नावच लपवले आहे. खोटे नाव ही केवळ नीतीची गोष्ट आहे असे मी समजत होतो. ती दुरुस्तीचीही गोष्ट आहे, हे मला त्या बाकावर बसून कळले.

माझे मित्र ह्यावर म्हणतात, ‘लाखो रुपयांचे घड्याळ आम्ही कधी घेणार? दोन हजारांत वर्षभर हौस भागते, पुढे टाकून द्यायचे.’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. काही नकला खरोखर दिसायला सुबक असतात आणि काही वेळही बरी दाखवतात. चिनी मालाला सरसकट नावे ठेवण्यातही अर्थ नाही. तिआनजिनचा सी-गल कारखाना 1950च्या दशकापासून घड्याळे बनवतो आहे आणि स्वतःच्या नावाने विकतो आहे. माझा आक्षेप स्वस्ताईला नाही. ज्याला हौस आहे त्याने स्वतःच्या नावाने विकले जाणारे स्वस्त घड्याळ घ्यावे. ज्याला खरोखर दोन वेळा हव्या आहेत त्याला कॅसिओचे साधे आकडी घड्याळ पुरे. त्यातल्या काही मॉडेलांत जगभरच्या शहरांच्या वेळा असतात आणि आपला अर्धा तासही बरोबर येतो. उलट दुसऱ्याचे नाव छापून विकणे हा 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या 103 व 104 कलमांखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून तर अशा मालाची पावती मिळत नाही, आणि पावती नाही म्हणून तक्रार करायला जागा नाही.

तरीही कोणी चार काट्यांचे घड्याळ घेणारच असेल, तर त्याने निदान एवढे तपासावे. चावी एक टप्पा बाहेर ओढून चौथा काटा एकटा तासातासाने हलतो का ते पाहावे. आपल्याला हवी असलेली दुसरी वेळ कागदावर मांडून ती त्या घड्याळावर वाचता येते का ते पाहावे. आत कोणते मशीन आहे हे विचारावे. विकणाऱ्याला नाव सांगता आले नाही तर परत फिरावे. आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या गावच्या घड्याळजीला विचारावे, ‘काका, हे बंद पडलं तर तुम्ही करून द्याल का?’ ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बाकीचे तीन प्रश्न विचारले नाहीत तरी चालेल.

बाबांना मी घड्याळाबद्दल खरे ते सांगितले. नाव खोटे होते हेही सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, ‘गेल्या महिन्यात लग्नात चौघांनी विचारलं, कितीचं म्हणून. मी सांगितलं, पोरानं दिलंय. किंमत मलाच ठाऊक नव्हती.’ मला मात्र त्या चौघांपुढे मी बाबांना नकळत खोटे पाडले असे वाटत राहिले, आणि ते दोन हजार सहाशे रुपयांपेक्षा जास्त लागले.

बाबांचे जुने ‘जनता’ कपाटात पडून होते. काकांनी ते साफ करून, तेल घालून, नवा पट्टा लावून साडेचारशे रुपयांत दिले. आणि त्यांच्याच सल्ल्याने मी सेलवर चालणारे एक साधे भिंतीवरचे घड्याळ आणले, दीड तास मागे लावले आणि आमच्या जुन्या घड्याळाशेजारी टांगले. आता बाबा चष्मा लावून आधी ते पाहतात आणि मग फोन उचलतात. गेल्या चार महिन्यांत दादा एकदाही दचकून उठलेला नाही.