तिहुआनातली 'साधी राहणी'

इथे सॅन डिएगोत चार मराठी माणसं जमली की हल्ली कुणीतरी विषय काढतंच: पन्नाशीआधी नोकरी सोडायची आणि सीमेपलीकडे तिहुआनात जाऊन राहायचं. भाडं कमी, डेंटिस्ट स्वस्त, शिवाय 'साधी राहणी'!

साधी राहणी कसली डोंबलाची? डॉलरमध्ये साठवायचं आणि पेसोत खर्चायचं, याला मी फार तर हिशोबीपणा म्हणेन. आपल्या डॉलरपायी तिथली भाडी चढतात आणि पेसोत पगार घेणारा गावाबाहेर ढकलला जातो. त्याला कुठली सीमा ओलांडता येणार? मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये याच रागातून लोक रस्त्यावर उतरले होते.

बरं, एवढं करून सुटका आहे? मेडिकेअर ६५ व्या वर्षी, आणि तेही मेक्सिकोतल्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही. म्हणजे छातीत कळ आली की सॅन इसिद्रोच्या नाक्यावर रांगेत उभे! कायमचं तिकडे राहिलं तर ग्रीनकार्डही धोक्यात. (स्पॅनिश शिकायचं मात्र यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नाही. असो.)

जायचंच तर खुशाल जा. पण घरमालकानं भाडं वाढवलं की 'तरी स्वस्तच आहे' म्हणत लगेच मान डोलावू नका. शेजारच्या बिऱ्हाडाचं भाडंही त्यावरूनच ठरणार असतं.