'च'चा फंडा

बॉस, आधी गुड न्यूज. एमबीएवाल्यांची झोप उडवणारे 'सेंटेन्स करेक्शन'चे प्रश्न जीमॅटने नोव्हेंबर २०२३मध्ये आणलेल्या नव्या पेपरातून काढून टाकले. जुना पेपरही ३१ जानेवारी २०२४ला बंद झाला. बॅड न्यूज? बँकांच्या परीक्षांत इंग्रजी वाक्यातली चूक शोधायचा प्रश्न अजून ठाण मांडून बसलाय. आणि क्लायंटला जाणारा प्रत्येक मेल म्हणजे तोच प्रश्न, फक्त पर्याय न दिलेला!

'आपण मराठी मीडियमवाले ना, म्हणून चुकतं' ही सबब मला काही पटत नाही. उलट, आपला मराठी कान इथे फुकटातलं गाइड आहे.

बघा ना. 'आंब्यांची पेटी आले' असं कोणी म्हणतं का? पेटी आली. मग 'द बॉक्स ऑफ मँगोज'पुढेही 'इज'च येणार, 'आर' नाही. मधल्या आंब्यांकडे ढुंकून बघायचं नाही.

'ओन्ली' कुठे ठेवू? आपला 'च' कुठे चिकटतो ते पाहा. 'मीच रविवारी काम केलं' आणि 'मी रविवारीच काम केलं' यांत अप्रेझलच्या वेळी केवढा फरक पडेल! पहिलं 'ओन्ली आय वर्क्ड ऑन संडे', दुसरं 'आय वर्क्ड ओन्ली ऑन संडे'.

एका ठिकाणी मात्र हाच कान दगा देतो. 'ऑफिसला जाताना पाऊस सुरू झाला.' मराठीत एकदम सही! जाणारा कोण, ते न सांगता कळतं. पण 'गोइंग टू ऑफिस, द रेन स्टार्टेड' लिहिलंत की पाऊसच कार्ड पंच करायला निघतो. इंग्रजीत कॉमाआधीची क्रिया करणारा कॉमानंतर लगेच हजर लागतो: 'गोइंग टू ऑफिस, आय गॉट वेट.' म्हणून सुरुवातीलाच असं 'आयएनजी' आणि कॉमा दिसला, की एकच विचारायचं: कोण? उत्तर कॉमापुढे सापडलं नाही, तर पर्याय बाद.

'हॅविंग वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स, माय सॅलरी शुड इन्क्रीज.' मागणी शंभर टक्के रास्त. पण या वाक्यात पाच वर्षं राबलाय तो पगार, तुम्ही नाही! 'हॅविंग वर्क्ड'च्या जागी 'आय हॅव वर्क्ड' करा, कॉमानंतर 'सो' टाका, आणि मगच सेंड दाबा. घासाघीस पगारावर होऊ दे, ग्रामरवर नको.