गोळी, पोट आणि दाराजवळचे बाक

विद्यार्थी मित्रांनो, मूत्रपिंडरोपणाची गोष्ट आपण कुठे संपवतो? १९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले, रोगी जगला, १९९० साली डॉक्टरांना नोबेल पारितोषिक मिळाले. झाली गोष्ट! पण ते भाऊ एकसारखे जुळे होते. शरीराला ते मूत्रपिंड परके वाटलेच नाही. इतरांना मात्र शरीराने नव्या अवयवावर हल्ला करू नये म्हणून रोज, बहुधा जन्मभर, गोळ्या घ्याव्या लागतात. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि ती बरीचशी पोटाची आहे.

मायकोफेनोलेट हे त्यांतले एक औषध. त्यातले मूळ आम्ल इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांना १८९३ साली एका बुरशीत सापडले होते. हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना आपली संख्या वाढवायची तर नवा डीएनए बनवावा लागतो. त्याला लागणारा एक कच्चा माल हे औषध तोडते. पण आतड्याचे अस्तरही दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते. तिथल्या पेशींना जुना माल पुन्हा वापरता येतो, तरी झळ बसतेच. शिवाय यकृत हे औषध निष्क्रिय करून पित्तातून आतड्यात सोडते, तर तिथले जीवाणू ते पुन्हा सक्रिय करतात! मग काहींना मळमळ, पोटदुखी, जुलाब.

जुलाबाने औषध वाहून जाईल, असे तुम्ही म्हणाल. टॅक्रोलिमस या दुसऱ्या औषधाचे मात्र उलटे होऊ शकते. एरवी आतड्याची भिंत त्याचा बराच भाग मोडते किंवा परतवते. ती बिघडली की ते रक्तात जास्त शिरते, आणि जास्त झालेले टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच इजा करते. जुलाबामागे जंतुसंसर्गही असू शकतो. आणि आपल्या मनाने गोळी बंद केली, तर अवयवच गमावण्याची भीती. म्हणून हे दुखणे डॉक्टरांना लगेच सांगायचे असते.

पण सांगायचीच तर लाज वाटते. रोपण झालेला तुमच्या वयाचा मुलगा एका तासात दोनदा बाहेर गेला, की मागच्या बाकावर खसखस पिकते. उद्या तो शाळेच्या दिवशी सकाळची गोळी गुपचूप टाळू लागला, तर दोष त्याचा एकट्याचा म्हणायचा? मला तसे वाटत नाही. शिक्षकहो, त्याला न विचारता बाहेर जाऊ द्या, दाराजवळचे बाक त्याला द्या. आणि शाळेच्या शौचालयात पाणी आहे ना, हे आजच पाहून या.