चेंडूतील हवा आणि मालकाचा न्याय

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०१५ साली चेंडूतील हवेवरून जो वाद माजला, तो धनिकांचा पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. हवा कोणी मुद्दाम काढली की नाही, हे निर्विवादपणे कधीच सिद्ध झाले नाही. परंतु एका क्षुल्लक तक्रारीची परिणती श्रमिकांच्या हक्कांसंबंधीच्या निवाड्यात कशी झाली असावी, याचा तर्क करता येतो.

वादाचे मूळ नियमातच होते. २००६ पासून प्रत्येक संघ आक्रमणासाठी आपल्या पसंतीचे चेंडू वापरू लागला व संशयाला जागा झाली. १८ जानेवारी २०१५ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने इंडियानापोलिस कोल्ट्सला ४५-७ असे हरविले. कोल्ट्सने आपली शंका सामन्यापूर्वीच कळविली होती. मध्यंतरात मोजलेले पेट्रियट्सचे अकराही चेंडू दर चौरस इंचास साडेबारा पौंड या किमान दाबाहून खाली भरले. थंडीत बंदिस्त हवेचा दाब उतरतो, हे शाळकरी विज्ञान आहे. शिवाय सामन्यापूर्वीचे दाब कोणी लिहून ठेवले नव्हते आणि दोन दाबमापकेही परस्परांशी जुळत नव्हती.

मग प्रकरण तेथेच का मिटले नाही? अकरा चेंडूंत दोन-दोन पौंड दाब कमी होता, अशी चुकीची बातमी पसरली आणि लीगने ती कित्येक महिने जाहीरपणे दुरुस्त केली नाही. याच संघाला २००७ च्या चित्रीकरण प्रकरणात सौम्य शिक्षा झाली, ही सल अन्य मालकांच्या मनात असावी. आणि आयुक्त रॉजर गुडेल हे मालकांनीच निवडलेले. प्रतिष्ठा पणास लागल्यावर माघार परवडणारी नव्हती, असा माझा तर्क आहे.

टॉम ब्रेडी यास गैरप्रकाराची सर्वसाधारण कल्पना असण्याचा संभव अधिक, असा लीगने नेमलेल्या वकिलाचा निष्कर्ष होता. ब्रेडीने आपला मोबाइल नष्ट केला, हेही त्याच्या विरुद्ध गेले. चार सामन्यांची बंदी लीगने घातली आणि तिच्यावरील अपील ऐकले खुद्द गुडेल यांनीच! जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये शिक्षा रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती पुन्हा लागू केली. कारण २०११ च्या सामूहिक करारानेच आयुक्तांस तो अधिकार दिला होता.

ब्रेडीच्या पाठीशी निदान संघटना होती. साहित्य सांभाळणाऱ्या दोन कनिष्ठ कर्मचाऱ्यांना मात्र मे २०१५ मध्ये बिनपगारी निलंबित केले गेले. पुढे त्यांना परत घेतले, तेही लीगच्या अनुमतीनेच.

आपल्या कारखान्यांतील 'घरगुती चौकशी' ज्याने अनुभवली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. वाटाघाटीच्या मेजावर सोडलेले न्यायालयातून परत मिळेलच, असे नाही. म्हणून संघटनांनी वेतनाच्या कलमाइतकेच शिस्तीचे कलमही डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजे.